थॉमस जॅगर

थॉमस ऑगस्टस जॅगर (२४ जानेवारी १८७१ – १७ जानेवारी १९५३) हे अमेरिकन भूवैज्ञानिक व ज्वालामुखीशास्त्रज्ञ होते. हवाई बेटांवरील किलाउआ ज्वालामुखीच्या काठावर त्यांनी १९१२ मध्ये हवाई ज्वालामुखी वेधशाळा स्थापन केली आणि १९४० पर्यंत ते तिचे प्रमुख होते. उद्रेक होऊन गेल्यावर तेथे जाऊन नोंदी करणे पुरेसे नाही. ज्वालामुखीचे निरीक्षण उद्रेकापूर्वी, उद्रेकाच्या वेळी आणि दोन उद्रेकांमधील शांत काळातही अखंड चालले पाहिजे, हा विचार त्यांनी मांडला व प्रत्यक्षात आणला. हवाईमध्ये त्सुनामीची पूर्वसूचना देण्याचे आरंभीचे प्रयत्नही त्यांनीच केले.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

जॅगर यांचा जन्म अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झाला. त्यांचे वडील एपिस्कोपल चर्चचे बिशप होते आणि त्यांचेही नाव थॉमस ऑगस्टस जॅगर असेच होते. हार्वर्ड विद्यापीठातून जॅगर १८९३ मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी तेथूनच पदव्युत्तर पदवी व १८९७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मधल्या काळात जर्मनीतील म्यूनिक आणि हायडेलबर्ग येथे त्यांचे काही शिक्षण झाले.

हार्वर्डमध्ये अध्यापन करत असताना त्यांचा ओढा प्रयोगांकडे होता. नैसर्गिक प्रक्रिया प्रयोगशाळेत लहान प्रमाणावर घडवून पाहाव्यात व मोजाव्यात, असे त्यांचे मत होते. पाण्याने होणारी झीज, वाळूवर उमटणाऱ्या लहरी, गरम पाण्याच्या कारंज्यांचे उसळणे अशा विषयांवर त्यांनी प्रयोग केले. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी त्यांनी एक उपकरणही तयार केले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यासाठी त्यांनी देशाच्या पश्चिम भागात काम केले. ब्लॅक हिल्स या डोंगराळ प्रदेशात शिलारस भूपृष्ठापर्यंत न पोहोचता थरांमध्ये घुसून घट्ट झालेला आढळतो. अशा खडकांच्या घुमटाकार राशींचा त्यांनी तेथे अभ्यास केला.

सेंट-पिएरचा विनाश

जॅगर यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना १९०२ मध्ये कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक या फ्रेंच बेटावर घडली. बेटावरील माँ पेले हा ज्वालामुखी एप्रिल महिन्यापासून वाफ व राख बाहेर टाकत होता. पायथ्याच्या सेंट-पिएर शहरात गंधकाचा उग्र वास पसरला होता आणि रस्त्यांवर राख साचत होती. ५ मे रोजी डोंगरावरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने नदीच्या मुखाजवळचा साखर कारखाना गाडला व तेथील माणसे मृत्युमुखी पडली. राज्यपालांनी नेमलेल्या समितीला मात्र शहराला धोका आहे असे वाटले नाही. ८ मे रोजी सकाळी आठच्या सुमारास तप्त वायू, राख व दगड यांचा मेघ डोंगरउतारावरून झेपावला आणि काही मिनिटांच्या आत शहर उद्ध्वस्त झाले. सुमारे २८,००० लोक मरण पावले. शहरातून जिवंत राहिलेल्यांची संख्या अत्यल्प होती; त्यांत कोठडीत असलेला एक कैदी होता. आदल्याच दिवशी, ७ मे रोजी, शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावरील सूफ्रिएर ज्वालामुखीचाही भीषण उद्रेक झाला होता.

अमेरिकी सरकारने मदतसामग्री व शास्त्रज्ञ घेऊन डिक्सी हे जहाज पाठवले. त्यात जॅगर होते. दुर्घटनेनंतर सुमारे दोन आठवड्यांनी ते सेंट-पिएरच्या अवशेषांत पोहोचले. भिंतींचे उरलेले सांगाडे, वितळलेली काच आणि राखेखालील मृतदेह त्यांनी पाहिले. हा अनुभव आयुष्यभर त्यांच्यासोबत राहिला आणि ज्वालामुखीचा अभ्यास हेच आपले काम, असे त्यांनी ठरवले. डोंगराने कित्येक दिवस आधी दिलेल्या चिन्हांचा अर्थ लावणारी प्रशिक्षित माणसे व साधने तेथे नव्हती, ही बाब त्यांना सर्वांत महत्त्वाची वाटली.

माँ पेलेसारखे ज्वालामुखी इतके घातक का असतात, याचे स्पष्टीकरण पुढे भूपट्ट सिद्धांतामुळे अधिक स्पष्ट झाले. तेथे अटलांटिक महासागराचा तळ कॅरिबियन भूपट्टाखाली सरकत जातो. खाली जाणाऱ्या खडकांतून मुक्त होणारे पाणी वरच्या प्रावरणात शिरते व त्याचा द्रवणांक कमी करते. त्यामुळे खडक अंशतः वितळून शिलारस तयार होतो. वर येईपर्यंत त्यातील सिलिकाचे प्रमाण वाढलेले असते. असा शिलारस घट्ट व चिकट असल्याने त्यात विरघळलेले वायू सहज सुटत नाहीत. दाब कमी होताच ते एकदम प्रसरण पावतात व शिलारसाच्या ठिकऱ्या उडतात. वायू व राख यांचे हे जड, तप्त मिश्रण डोंगरउतारावरून इतक्या वेगाने खाली येते की त्याच्यापुढे पळून जाणे शक्य नसते.

वेधशाळेची कल्पना

पुढील काही वर्षांत जॅगर एका आपत्तीकडून दुसरीकडे जात राहिले. १९०६ मध्ये इटलीतील व्हेसुव्हियसच्या उद्रेकानंतर ते तेथे गेले. १९०७ मध्ये त्यांनी अलास्काजवळील अल्युशन बेटांवर मोहीम नेली. १९०८ च्या डिसेंबरमध्ये इटलीतील मेसिना येथे झालेल्या भूकंपात व त्सुनामीत हजारो माणसे मेली. दरम्यान १९०६ पासून ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे भूविज्ञान विभागाचे प्रमुख झाले होते. प्रत्येक ठिकाणी शास्त्रज्ञ उशिरा पोहोचतात आणि आधी काय घडले हे वाचलेल्यांच्या आठवणींवरून जुळवावे लागते, असा त्यांचा अनुभव होता.

व्हेसुव्हियसवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वेधशाळा होती. जपानमध्ये फुसाकिची ओमोरी भूकंपांच्या व ज्वालामुखींच्या नोंदी उपकरणांनी घेत होते. १९०९ मध्ये जॅगर हवाई व जपान येथे जाऊन आले. होनोलुलू येथील त्यांच्या व्याख्यानानंतर लॉरिन थर्स्टन या वकील व वृत्तपत्र-प्रकाशकाने वेधशाळेच्या कल्पनेला पाठिंबा दिला. थर्स्टन यांच्या पुढाकाराने स्थानिक नागरिक व व्यापाऱ्यांची हवाई ज्वालामुखी संशोधन संघटना उभी राहिली आणि तिने वर्गणी गोळा केली. ज्वालामुखींनी शहरे गिळू वा गाडू नयेत, अशा आशयाचे लॅटिन बोधवाक्य या संघटनेने स्वीकारले. व्हिटनी कुटुंबाच्या मालमत्तेतून जॅगर यांच्या संस्थेला भूभौतिकीय संशोधनासाठी २५,००० डॉलरची देणगी मिळाली होती. तिचाही उपयोग या कामासाठी झाला.

किलाउआची निवड

जॅगर यांनी किलाउआ निवडण्यामागे व्यावहारिक कारणे होती. हा ज्वालामुखी वारंवार जागृत होत असे, त्याच्या परिसरात लहानमोठे भूकंप सतत होत, तेथपर्यंत रस्ता होता आणि माँ पेलेच्या मानाने तो जवळून पाहणे सुरक्षित होते. त्याच्या हालेमाउमाउ या मुखात त्या काळी लाव्हाचे तळे होते.

हवाई बेटे भूपट्टांच्या सीमेवर नसून पॅसिफिक भूपट्टाच्या मध्यभागी आहेत. प्रावरणातील एका तप्त स्थानावरून हा भूपट्ट सरकत असल्याने बेटांची ओळ तयार झाली, असे स्पष्टीकरण जॅगर यांच्या मृत्यूनंतर, १९६३ मध्ये पुढे आले. येथील शिलारस बेसाल्ट प्रकारचा असतो. त्यात सिलिका कमी असल्याने तो पातळ असतो व त्यातील वायू तुलनेने सहज निघून जातात. म्हणून येथे बहुधा मोठा स्फोट न होता लाव्हाची कारंजी उडतात व प्रवाह दूरवर पसरतात. थरावर थर साचून मंद उताराचा, पालथ्या ढालीसारखा डोंगर तयार होतो. किलाउआच्या शेजारचा माउना लोआ असाच घडला असून तो समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे.

महाराष्ट्राच्या बहुतांश भागाचा पाया असलेला काळा पाषाण हाही बेसाल्टच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रचंड लाव्हा उद्रेकांतून तो तयार झाला आणि सह्याद्रीच्या कड्यांतील आडवे थर त्या प्रवाहांचेच आहेत. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेल्या लाव्हाला पाहोएहोए आणि खडबडीत, तुकड्यातुकड्यांच्या पृष्ठभागाच्या लाव्हाला आआ असे हवाई भाषेत म्हणतात. दख्खनच्या प्रवाहांचे वर्णन करतानाही भूवैज्ञानिक हेच शब्द वापरतात. मात्र दख्खनमध्ये ओतला गेलेला लाव्हा हवाईतील कोणत्याही ऐतिहासिक उद्रेकापेक्षा कितीतरी अधिक होता.

वेधशाळेतील कार्य

१९११ मध्ये जॅगर यांच्या योजनेनुसार फ्रँक पेरेट आणि ई. एस. शेफर्ड हे किलाउआवर गेले. त्यांनी हालेमाउमाउच्या मुखावर आरपार तार ताणली व तिच्यावरून विद्युत तापमापक लाव्हाच्या तळ्यात सोडला. काही उपकरणे लाव्हात नष्ट झाली, तरी सुमारे १,००० अंश सेल्सियस तापमानाची नोंद मिळाली. पेरेट यांनी मुखाच्या काठावर लहान झोपडी बांधून रोजच्या नोंदी सुरू केल्या.

जानेवारी १९१२ मध्ये जॅगर येथे आले आणि त्यांनी कायमचे काम हाती घेतले. भूकंपमापक बसवण्यासाठी लागणारे तळघर कैद्यांकडून खोदून घेण्यात आले. देणगीदारांवरून त्याला व्हिटनी यांचे नाव दिले गेले. येथील जमीन उष्ण असल्याने तळघरही उबदार असे. नोंदी नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागल्या. जॅगर यांच्या दुसऱ्या पत्नी इझाबेल मेडवेल या शिक्षिका होत्या. १९१७ मध्ये झालेल्या विवाहानंतर त्या वेधशाळेच्या कामात सहभागी झाल्या व भूकंपांच्या नोंदी ठेवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

१९१७ मध्ये जॅगर यांनी पोलादी नळ्या लाव्हाच्या तळ्यात खुपसून निरनिराळ्या खोलीवरील तापमान मोजले. द्रव लाव्हाचा थर साधारण १५ मीटर जाडीचाच असून त्याखाली अधिक घट्ट, अर्धवट थिजलेला भाग आहे, असे त्यांना आढळले. या काळात त्यांनी तळ्याच्या पृष्ठभागालगत गोळा केलेले वायूंचे नमुने पुढे अनेक दशके अभ्यासकांना उपयोगी पडले.

भूकंपमापकाच्या लोलकांचा मूळ बिंदू हळूहळू सरकतो, हेही वेधशाळेत लक्षात आले. जमिनीखाली शिलारस साचू लागला की डोंगराचा माथा किंचित फुगतो व त्याचे उतार बाहेरच्या बाजूला कलतात. शिलारस निघून गेला की माथा खाली बसतो. हा कल अत्यल्प असला तरी मोजता येतो. भूकंपांची वाढती संख्या, जमिनीचा कल आणि वायूंमधील बदल या तीन प्रकारच्या नोंदी आजही जगभरातील ज्वालामुखी वेधशाळांच्या कामाचा आधार आहेत.

वेधशाळेला पैशांची चणचण सतत भासत असे. १९१९ मध्ये ती अमेरिकेच्या हवामान खात्याकडे, १९२४ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याकडे आणि १९३५ मध्ये राष्ट्रीय उद्यान खात्याकडे गेली. जॅगर व थर्स्टन यांच्या प्रयत्नांमुळे १९१६ मध्ये हवाई राष्ट्रीय उद्यानाची स्थापना झाली.

१९२४ चे स्फोट

सौम्य समजल्या जाणाऱ्या किलाउआने मे १९२४ मध्ये वेगळे रूप दाखवले. लाव्हाचे तळे आटले, शिलारस पर्वताच्या पूर्वेकडील भेगांच्या पट्ट्यात निघून गेला आणि हालेमाउमाउचे कडे कोसळू लागले. त्यानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ स्फोट होत राहिले. वाफेबरोबर राख व मोठमोठे दगड उडाले आणि एका व्यक्तीचा मृत्यू झाला. मुखाची रुंदी सुमारे एक किलोमीटर व खोली सुमारे ४०० मीटर झाली. स्फोट सुरू झाले तेव्हा जॅगर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर होते. त्यांचे सहकारी रुय फिंच यांनी निरीक्षणे चालू ठेवली. तप्त खडकांपर्यंत भूजल पोहोचल्याने वाफेचे स्फोट झाले, असे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले. नंतरच्या मोजणीत ज्वालामुखीचा माथा खचल्याचे दिसून आले. वरून दिसणारे तळे आणि खोलवरचा शिलारसाचा साठा यांचा संबंध या घटनेने स्पष्ट केला.

त्सुनामीच्या पूर्वसूचना

किलाउआवरील भूकंपमापक दूरच्या भूकंपांच्याही नोंदी करत. प्राथमिक व दुय्यम लहरींच्या आगमनातील अंतरावरून भूकंपाचे केंद्र किती दूर आहे, हे काढता येते. भूकंपलहरी काही मिनिटांत पोहोचतात. समुद्रातील लाटेला मात्र महासागर ओलांडायला काही तास लागतात. ३ फेब्रुवारी १९२३ रोजी कामचाटकाजवळ मोठा भूकंप झाल्याचे नोंदीवरून दिसताच जॅगर यांनी हिलो बंदराच्या अधिकाऱ्याला त्सुनामीच्या शक्यतेची कल्पना दिली. सूचना गांभीर्याने घेतली गेली नाही. काही तासांनी लाटा आल्या, नौकांचे नुकसान झाले आणि एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. १९३३ मध्ये जपानच्या सानरिकू किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा मात्र सूचनेची दखल घेण्यात आली. नौका खोल समुद्रात नेण्यात आल्या व हवाईमध्ये जीवितहानी झाली नाही.

ही व्यवस्था त्या काळी औपचारिक झाली नाही. १९४६ मध्ये अल्युशन बेटांजवळील भूकंपामुळे आलेल्या त्सुनामीत हवाईमध्ये दीडशेहून अधिक लोक मरण पावले. त्यानंतर १९४९ मध्ये हवाईमध्ये पॅसिफिक महासागरासाठी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले.

लाव्हाप्रवाहावर बॉम्बफेक

नोव्हेंबर १९३५ मध्ये माउना लोआचा उद्रेक झाला आणि डिसेंबरमध्ये लाव्हाचा एक प्रवाह हिलो शहराच्या दिशेने सरकू लागला. लाव्हाचा वरचा थर थिजून त्याखाली बोगदे तयार होतात. त्यांतून वाहणारा लाव्हा उष्णता टिकवून दूरवर पोहोचतो. उगमाजवळच बोगदे फोडले तर लाव्हा पसरेल व प्रवाहाचे टोक थंडावेल, असा जॅगर यांचा कयास होता. त्यांच्या विनंतीवरून २७ डिसेंबर रोजी अमेरिकी सैन्याच्या विमानांनी उगमाजवळ बॉम्ब टाकले. २ जानेवारी १९३६ च्या सुमारास प्रवाह थांबला.

हे यश बॉम्बफेकीचे होते असे जॅगर मानत. मात्र विमानातून हा प्रयोग पाहणारे भूवैज्ञानिक हॅरल्ड स्टर्न्स यांना हा योगायोग वाटला, आणि पुढील अनेक अभ्यासकांनीही उद्रेक आपोआप ओसरला असावा असे मत दिले. ज्वालामुखी हे पेले देवीचे स्थान मानणाऱ्या काही हवाईवासीयांना ही कृती अनुचित वाटली.

सिद्धांत व मर्यादा

दीर्घकालीन नोंदींमधून उद्रेकांचा नियम सापडेल, अशी जॅगर यांची अपेक्षा होती. किलाउआच्या हालचालींत सुमारे ११ वर्षांचे आवर्तन आहे, आणि १७९० व १९२४ मधील मोठे स्फोट हे त्याहून दीर्घ आवर्तनाचे टप्पे आहेत, असे त्यांनी मांडले. पुढील घटनांनी या आवर्तनांना दुजोरा दिला नाही. १९२४ नंतर लाव्हाचे तळे दीर्घकाळ परतले नाही आणि १९३४ पासून १९५२ पर्यंत किलाउआ शांत राहिला. त्यांच्या सिद्धांतांपेक्षा त्यांनी जमवलेल्या नोंदी अधिक टिकल्या. नंतरच्या संशोधकांनी त्याच नोंदींच्या आधारे वेगळे निष्कर्ष काढले.

निवृत्ती, निधन व वारसा

१९४० मध्ये निवृत्त झाल्यावर जॅगर यांनी हवाई विद्यापीठात संशोधन चालू ठेवले. अल्युशन बेटांवरील मोहिमांच्या गरजेतून त्यांनी जमिनीवर व पाण्यात चालणारी वाहने तयार केली होती. या कामाबद्दल त्यांना १९४५ मध्ये नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचे पारितोषिक मिळाले. १७ जानेवारी १९५३ रोजी होनोलुलू येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले.

किलाउआच्या काठावरील संग्रहालयाला जॅगर यांचे नाव देण्यात आले होते. २०१८ मधील भूकंपांनी त्या इमारतीचे नुकसान झाल्याने ते बंद करावे लागले. त्या वर्षी माथ्यावरील लाव्हाचे तळे १९२४ प्रमाणेच आटले, माथा खचला आणि शिलारस पूर्वेकडील पट्ट्यात जाऊन वस्तीत बाहेर पडला. सातशेहून अधिक इमारती नष्ट झाल्या. जमिनीचा कल व भूकंपांचे सरकते केंद्र यांवरून वेधशाळेने शिलारसाचा मार्ग ओळखला होता व रहिवाशांना हलवण्यात आले. या उद्रेकात कोणाचाही थेट बळी गेला नाही.